हातानं हिरो झाकणारा माणूस

पडद्यावर हिरोचा चेहरा मोठा झाला की नामदेवमामा हात लांब करून तळव्यानं तेवढाच चेहरा झाकत. मागून कोणीतरी म्हणे, "मामा, तामसीची बस थांबवून राह्यले काय?" मामा शांतपणे म्हणत, "हिरोले पाहाले सारं गाव हाये. मांगच्या लोकाइले कोन पाहाते?"

मी तेव्हा आदिलाबादच्या एका टॉकीजमध्ये ऑपरेटर होतो. मामा तामसीहून वांगी घेऊन बाजाराला येत आणि माल खपला की रिकाम्या टोपल्या आमच्या जिन्याखाली ठेवून दुपारच्या शोला बसत. तेही चित्र हैदराबादचं असेल तरच. त्यांचा विलास भांडून हैदराबादला निघून गेला होता आणि दोन वर्षं त्याची खबर नव्हती. सिनेमात शहराची गर्दी दिसते, मग त्यात कधीतरी आपला पोरगाही दिसेल, असं त्यांना वाटे. शो सुटला की माझ्या दाराशी येत, कारण मी एकच चित्र आठवडाभर पाहणारा.

"दिसला का जी, गजाननभाऊ? त्याची माय इचारते, जित्ता हाये का नाही."

कितीदा नाही म्हणणार? दया म्हणा, कंटाळा म्हणा, एका दुपारी मी बोलून गेलो, "दिसला मामा. कमानीपाशी, पेरूच्या गाडीजवळ. निळा सदरा."

पुढचे चार दिवस त्यांनी तेच चित्र पाहिलं. "मान तशीच वाकडी," म्हणाले. मग मला त्या गल्लीचा नकाशा काढून मागितला. टॉकीजच्या छापील कागदामागे मी कमान, नळ, गाडी काढून दिली. ती कमान मी ओळखत होतो. आदल्या वर्षी दुसऱ्या चित्रात तीच, नुसता रंग बदलून, दिल्ली म्हणून आली होती. गल्ली स्टुडिओत उभारलेली होती. हे मी बोललो नाही.

तो घेऊन ते हैदराबादला गेले आणि तीन आठवड्यांनी सुजल्या पायांनी परत आले. "लोक म्हंतात अशी गल्लीच नाही. मी म्हनलं, काऊन नाही? आमच्या गजाननभाऊनं पाह्यली."

तेव्हा तरी सांगायला हवं होतं. मी म्हणालो, "रस्ता रुंद करताना पाडली असन." ते पुन्हा गेले.

हैदराबादच्या फुटपाथवर ते वारले. खिशातल्या नकाशामागे टॉकीजचं नाव होतं, म्हणून पोलिसांचा फोन आमच्याकडे आला. तो मीच उचलला.

तेरवीला मी सगळं सांगायचं ठरवून गेलो होतो. सुमनमामींनी चहा पुढे केला. "पोरगं जित्तं हाये हे तुमच्यानंच कळलं, भाऊ," म्हणाल्या. मी चहा प्यायलो आणि बस धरली.

गेल्या महिन्यात मामीही गेल्या. विलास आला नाही. गावात अजून म्हणतात, नामदेव सिनेमाच्या नादानं मेला. त्यांना सिनेमाचा नाद नव्हता. आणि निळ्या सदऱ्यातल्या त्या माणसाचा चेहरा मी कधी पाहिलाच नव्हता. पडद्यावर त्याची फक्त पाठ होती.