भोंगाकाकूंची आगगाडी

वस्तीच्या टोकाला नवा मॉल उघडला, तेव्हा सगळा परिसर तो बघायला लोटला. आत थंडगार हवा, सरकते जिने, चेहरा दिसेल अशी फरशी. काकू नवऱ्याला तिथेच म्हणाल्या, "मला इथं कामाला लागायचंय."

"काय करणार तू इथं?"

"ते नंतर बघू."

त्यांना मुलांच्या आगगाडीची तिकिटं फाडायचं काम मिळालं. लाल इंजिन, मागे छोटे डबे, सगळा कारभार बॅटरीवर. चालवणारा माणूस भावाच्या लग्नाला म्हणून गेला तो परतलाच नाही. ऐन रविवारी रांग लागलेली, पोरांनी भोकाड पसरलेलं आणि मॅनेजर डोक्याला हात लावून उभे. काकूंनी पदर खोचला आणि इंजिनात बसल्या.

पहिल्याच वळणावर त्यांनी एक कुंडी उडवली, दुसऱ्या वळणावर कपड्यांच्या दुकानाबाहेरचा सुटाबुटातला पुतळा आडवा केला. पोरं हसून हसून डब्यात लोळली. "काकू, परत पाडा ना!"

नोकरी पक्की झाली. पुढे धडका थांबल्या, पण त्या धसक्यानं काकू पावलापावलाला भोंगा वाजवायच्या. त्यावरून त्या भोंगाकाकू झाल्या.

भरभराटीच्या काळात मॉलमध्ये पाय ठेवायला जागा नसायची. गाडीला मधल्या कारंज्याभोवती तेवढं फिरता यायचं. गोल गोल फिरून काकूंना घरीसुद्धा गरगरायचं. भाजी ढवळताना त्या स्वतःच डुलायच्या.

मग हमरस्त्यालगत याच्या तिप्पट मोठा मॉल झाला आणि गिऱ्हाईक तिकडे वळलं. इथली शटरं एकामागून एक खाली आली. सरकते जिने सरकेनासे झाले, कारंजं आटलं. मॅनेजरांचं तोंड उतरलं. काकूंनाही वाईट वाटलं, पण समोरची लांबच लांब रिकामी फरशी बघून त्यांचे हात शिवशिवायला लागले.

"साहेब, वाट मोकळी झालीय. गाडी जरा लांब नेऊ का?"

"न्या हो, कुठंही न्या," मॅनेजर वैतागून म्हणाले.

काकूंनी ते शब्दशः घेतलं. गाडी फर्निचरच्या बंद दुकानात एका दारानं शिरायची आणि दुसऱ्या दारानं बाहेर पडायची. एकदा तर एकेक डबा सामानाच्या लिफ्टमध्ये घालून त्यांनी ती वरच्या मजल्यावर नेली. मुलं कमी झाली, तर उरलेले दुकानदारच बसू लागले. घड्याळवाले जेवायला गाडीतून जायचे. केस कापणारी बाई गिऱ्हाइकाला डोकं ओलं असतानाच फिरवून आणायची. गुडघ्यांनी बेजार झालेल्या सासूबाई रोज शेवटच्या डब्यात येऊन बसायच्या आणि म्हणायच्या, "सूनबाई, जरा जोरात घे की."

एके दिवशी मॅनेजरही गुपचूप बसले. उतरताना म्हणाले, "इतकी वर्षं इथं काढली आणि हे कोपरे मी आज बघतोय."

अखेर मॉल बंद व्हायचा दिवस आला. दुकानदारांनी राहिलेलं सामान डब्यांत भरलं, वर स्वतः बसले, आणि काकूंनी गाडी मुख्य दारातून थेट बाहेरच्या उन्हात काढली. रिकाम्या पार्किंगमध्ये नागमोडी वळणं घेता घेता बॅटरीनं मान टाकली. मग मॅनेजरांसकट सगळे खाली उतरून ढकलायला लागले. सासूबाई मात्र उतरल्या नाहीत. हसण्यानं कुणाच्या हातात जोर राहिला नव्हता. रडू येणारे दोघंतिघंही हसतच डोळे पुसत होते.

इमारतीत आता गोदाम आहे. गाडी कुठल्याशा बागेनं घेतली, पण तिथं चालक आधीपासूनच होता. काकू दोन दिवस घरात धुसफुसल्या, तिसऱ्या दिवशी ड्रायव्हिंग स्कूलमध्ये नाव घालून आल्या. परवाना मिळाला, आणि हल्ली त्या बालवाडीची व्हॅन चालवतात. पोरांना घरी सोडताना त्या मुद्दाम लांबच्या रस्त्यानं जातात. पालकांनी कारण विचारलं तर म्हणतात, "मुलांना आवडतं."