सदूचा फंड

सदू नाचणकराला कोणी काय करतोस विचारलं की तो सांगायचा, "कंपनीत आहे." पाठीवर भलीमोठी पेटी लादून रत्नागिरीभर बिर्याण्या पोचवणाऱ्या माणसाने असं म्हणणं जरा जास्तच झालं. पण सदू थाप मारत नव्हता. त्याच्या कमाईतून कंपनी थोडे पैसे कापून घेई, आणि ज्याचे पैसे कापतात तो नोकरदार, एवढं ज्ञान त्याला घरातूनच मिळालं होतं.

त्याचे वडील, आप्पा, मुंबईला साबणाच्या कारखान्यात होते. त्यांच्याही पगारातून कापत. ते निवृत्त झाले, फंड हातात आला आणि वाडीतलं पहिलं चिऱ्याचं घर उभं राहिलं. सदू तेव्हा शाळेत होता. ट्रकमधून चिरे उतरत होते, आई गड्यांना चहा देत होती, आणि आप्पा चिऱ्यांच्या ढिगावर बसून येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत होते, "फंडाचा घर हाय." त्या उन्हाळ्याइतके खूश आप्पा पुन्हा कधी दिसले नाहीत.

त्याला स्वतःला नोकरी अशी कधी लाभली नाही. आधी आंब्याच्या बागेत राखणदारी केली, मग टेम्पो चालवला. ही पेटी पाठीवर आली आणि पैसे कापले जायला लागले, तेव्हा त्याने सगळ्यात आधी आप्पांना सांगितलं. ऐंशी ओलांडलेले आप्पा त्या रात्री पोटभर जेवले. "सदूचा फंड जमतोय, आता मी जायला मोकला," असं ते सगळ्या वाडीला सांगत सुटले.

जुलैत एका दुपारी मारुती मंदिराजवळच्या एका ऑफिसात सदू डबा घेऊन गेला. ऑफिस समीक्षाचं, वाडीतल्याच गंगारामच्या मुलीचं. ती लोकांची करविवरणपत्रं भरून देते. सदूने तिला सहज विचारलं, "आमचा फंड कधी मिळेल गो?"

"कसला फंड, सदूकाका?"

सदूने मोबाइलवर कापलेली रक्कम दाखवली. समीक्षाने ती पाहिली आणि हातातला चमचा खाली ठेवला.

"काका, हा फंड नाही. हा इन्कम टॅक्स कापलाय. तुमच्या कमाईवर कर बसतच नाही, विवरणपत्र भरलंत तर मार्चला संपलेल्या वर्षाचा परत मिळेल. त्याआधीच्या वर्षांची मुदत मात्र गेली."

"पण मी नोकरीत..."

"कागदोपत्री तुम्ही नोकरीत नाही. तुमचा स्वतःचा धंदा आहे."

सदूला धंदेवाला झाल्याचा काडीचा आनंद झाला नाही. समीक्षाने लगेच त्याचं विवरणपत्र भरून दिलं, पैसेही घेतले नाहीत, पण त्याचं लक्ष कुठे होतं? आप्पांना सांगावं, तर म्हाताऱ्याचा जीव टांगणीला लागणार. न सांगावं, तर ते खोट्यावर विसंबून जाणार. आठवडाभर त्याला जेवण गोड लागलं नाही. शेवटी एका सकाळी पेटी बांधता बांधता त्याने पडवीत बसलेल्या आप्पांना सगळं सांगून टाकलं.

आप्पा म्हणाले, "म्हंजे तुला साहेब नाय?"

"नाय."

"मग रिटायर कवा व्हायचास?"

सदू पेटीचा पट्टा आवळत राहिला.

"तू झालास तवा मी साहेबाकडं रजा मागितली," आप्पा म्हणाले. "नाय दिलान. तुला पयल्यांदा बघितला, तवा तू रांगत होतास. माज्याकडं यायला मागत नव्हतास." "आज तुला कोनाला इचारायला लागनार नाय ना? मग बस हितं."

सदूने मोबाइल बंद केला आणि आप्पांना टेकून बसला. त्या दिवसाची कमाई बुडाली.