संगणकातलं एकोणीसशे ऐंशी साल

सत्त्याण्णव साली एका मंगळवारी आमच्या शेवगावात एकोणीसशे ऐंशी साल परत आलं. गावाला पत्ता नव्हता, कारण ते फक्त आमच्या पुढच्या खोलीत आलं होतं.

त्या खोलीत माझं टायपिंग इन्स्टिट्यूट. (शाळेतली मास्तरकी सांभाळून!) सहा टाइपरायटर आणि एक संगणक. त्याच्या आतली बॅटरी मेली आणि तारीख थेट सतरा वर्षं मागं गेली. मला हे कळलं ते सुनीताचा दाखला छापताना. पोरगी आमच्याकडंच संगणक शिकलेली. दुसऱ्या दिवशी सकाळी साखर कारखान्यात मुलाखत, त्यासाठी आजच संध्याकाळी पाचची एसटी गाठायची, आणि संगणकानं आपणहून तारीख छापलेली ऐंशी सालची!

"सर, ऐंशी साली मी दोन वर्साची हुते," ती रडकुंडीला आली. "पाळन्यात कॉम्प्युटर शिकले म्हनून सांगू का?"

"खोडून वर पेनानं लिहू."

"खाडाखोड चालनार न्हाई म्हनलेत."

आता संगणकाचा दाखला टाइपरायटरवर बडवून द्यायचा, तर माझी अब्रू पार कारखान्यापर्यंत गेली असती.

"हात्तिच्या! तारीखच बदलायची ना?" म्हणत मी ऐटीत खुर्ची ओढली. संगणकानं इंग्रजीत, पण स्वच्छ सांगितलं, की वेळ बदलायचा अधिकार तुम्हाला नाही. पुन्हा दाबलं. अधिकार नाही. चौथ्यांदा टेबलावर अशी मूठ आपटली, की शेजारच्या टाइपरायटरची घंटी वाजली!

त्या आवाजानं आमचे दादा बाहेर आले. दादा म्हणजे वडील, तहसील कचेरीतून निवृत्त झालेले हेडक्लार्क.

"काय म्हणतंय?"

"परवानगी नाही म्हणतंय."

"अर्ज केलास का?"

"दादा, ते मशीन आहे!"

"मशीन असू दे न्हाईतर मामलेदार. तोंडी परवानगी कुणाला मिळालीय आजवर?" आणि दादांनी खरोखरच कागद ओढून 'विनंती अर्ज' असं लिहायला घेतलं.

चार वाजले होते. मी एसटीडी बूथवर धावलो आणि ज्यानं संगणक बसवला त्या इंजिनिअरला नगरला फोन लावला.

"सर, वेळ फक्त मालकाला बदलता येते. मालकाचा पासवर्ड टाका."

"अहो, मीच मालक!" मी असा ओरडलो, की रांगेतली माणसं वळून बघायला लागली.

"नाही सर. कागदावर मालक मंगल मॅडम आहेत. तुमचं नाव मी विद्यार्थ्यांत टाकलंय."

आता खरं सांगायला हरकत नाही. नोकरीतल्या मास्तरला धंदा करता येत नाही, म्हणून आमच्याकडं मास्तरांचे धंदे बायकोच्या नावावर असतात. सहीपुरते! मी शाळेत असताना इंजिनिअर आला आणि त्या खुळ्यानं कागदावरचं खरं मानलं!

घरी आलो तर मंगल मेथी निवडत बसलेली.

"तुझ्याकडं संगणकाचा पासवर्ड आहे?"

"आहे की. वर्ष झालं. तुम्ही कधी विचारलंत?"

दादांनी तत्परतेनं अर्ज सुनेपुढं धरला. तिनं तो शेवटपर्यंत वाचला (पोरगी ताटकळलेली!), 'मंजूर' लिहून सही ठोकली आणि हात पुसत संगणकापुढं बसली.

"तिकडं तोंड करा," ती मला म्हणाली.

मी भिंतीकडं तोंड केलं. खट् खट् आवाज आला आणि सत्त्याण्णव साल उगवलं! प्रिंटर करकरला. मी दाखला ओढून घेतला, खाली झोकदार सही केली आणि सुनीताला पिटाळलं. चला, अगदीच वाया नाही गेलो, असं वाटून मला भलताच आनंद झाला.

पाच मिनिटांत पोरगी धापा टाकत परत!

"सर, तुमी हे काय केलंत?"

मघापासून त्या पडद्याकडं बघून माझं डोकं फिरलं होतं. छापलेली तारीख बरोबर होती, पण सहीखाली मी माझ्या हातानं घातलेलं साल होतं एकोणीसशे ऐंशी!

मंगलनं दुसरी प्रत काढली, माझ्या हातातलं पेन काढून घेतलं आणि सहीही स्वतःच केली. सुनीताला एसटी मिळाली, नोकरीही मिळाली. पेढे द्यायला आली तेव्हा मंगलला मिठीच मारली तिनं. मलाही लई बरं वाटलं.

वेळ सुधारायला त्या दिवशी आख्खं घर कामाला लागलं. चूक मात्र मी एकट्यानं, कुणालाही न विचारता केली!