शटरच्या आतला मालक

आमच्या गल्लीत त्याला 'काळ्या काचा' म्हणतात. माणूस चांगला गोरा आहे, पण धंद्याने चिकटवलेल्या नावाला इलाज नाही. बारा वर्षं तो एका दुकानात गाड्यांच्या फुटक्या काचा बदलायचा. गेल्या वर्षी डोक्यात किडा वळवळला, की काचांना फिल्म बसवायचं स्वतःचं दुकान टाकावं.

वहीच्या पानावर त्याने खर्च मांडला. फिल्मचे रोल, हीट गन, कापायचं मशीन, गाळ्याचं डिपॉझिट, पाटी. बेरीज दीड वर्षाच्या पगाराएवढी झाली. बायकोने पान वाचलं. "आणि वाया जाईल ती फिल्म?"

"बारा वर्षं काचेत गेली माझी."

"बदलण्यात गेली. चिकटवण्यात नाही."

पहिला अख्खा रोल शिकण्यात गेला. त्याचे वाकडेतिकडे तुकडे घरच्या खिडक्यांना लागले, आणि बायको भरदुपारी दिवा लावून भाजी निवडू लागली.

गाळा स्वस्तात मिळाला. हे महाशय तो बघायला गेले ते नेमके शेजारच्या सुताराच्या सुट्टीच्या दिवशी. करार तीन वर्षांचा झाला, धाकट्या मेहुण्याने जामीन म्हणून ऐटीत सही केली, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी करवत सुरू झाली. फिल्मखाली भुशाचा एक कण गेला तरी पुटकुळी उठते, की सगळं सोलून पुन्हा पहिल्यापासून. तेव्हापासून शटर खाली. पंखा धूळ उडवतो म्हणून बंद. सदऱ्याचे तंतू गळतात म्हणून सदराही खुंटीला. आत हा उघडाबंब, घामाने निथळतोय. आणि बाहेर लोकांना वाटतं, नोटा छापतोय.

अशात जुन्या मालकाचा निरोप आला. त्याचा कारागीर सोडून गेला होता. "परत ये. शनिवारी उत्तर घ्यायला येतो."

त्या दिवशी तो कित्येक महिन्यांनी पोटभर जेवला. "जातो परत," बायकोला म्हणाला.

"जा की. पण आधी माझ्या भावाला सांगा."

गाळा मधेच सोडला, तर उरलेलं सगळं भाडं जामीनदाराच्या गळ्यात. आणि मेहुण्याकडे नुकतीच जुळी झालेली. याने चार वेळा फोन लावला आणि चारही वेळा बाळांच्या सर्दीची चौकशी करून ठेवून दिला.

शनिवारी मेहुणाच गाडी घेऊन हजर. "भाऊजी, मागची काच करा. पोरं उन्हाने रडतात."

मागची काच मोठी, एकट्याच्या हाताबाहेरची. याने मेहुण्याचाही सदरा उतरवला. गाडी आत घेऊन शटर ओढलं, जमिनीवर पाणी मारलं, रोलमधला शेवटचा सलग तुकडा कापला. मागचा कागद सोलून दोघं चार कोपरे धरून उभे राहिले. चिकट बाजू उघडी. मेहुण्याचं पोट श्वासागणिक वरखाली होत होतं.

"श्वास हळू घे."

"मग बंदच करतो की."

तेवढ्यात शटर वाजलं. "अरे, आहेस का आत?" जुन्या मालकाचा आवाज. "काय ठरलं तुझं? दुसरा माणूस बसवून आलोय दुकानात. हो म्हणालास तर त्याला घरी पाठवतो."

शटर उघडावं तर भुसा आत. फिल्म खाली ठेवावी तर गेली. हलक्या आवाजात बोलावं तर करवत चालू. आणि समोर दोन हातांवर मेहुणा, डोळे वटारून.

"मालक, पाच मिनिटं," तो ओरडला.

"पाच नाही. हो की नाही?"

त्याच्या कपाळावरचा घाम नाकाच्या शेंड्यापर्यंत आला. पुसायला हात नव्हता.

"नाही," तो म्हणाला. करवतीत ते विरलं, म्हणून पुन्हा, मोठ्याने म्हणावं लागलं.

बाहेर स्कूटर सुरू होऊन लांब गेली. मेहुण्याने शटरकडे मान वळवली. "भाऊजी, असं होतं तर मला आधी सांगायचं ना."

"सांगितलं असतं तर?"

मेहुण्याने विचार केला, अगदी प्रामाणिकपणे केला. "तर काही नाही," तो म्हणाला. "सही माझीच आहे."

"मग कोपरा नीट धर," हा म्हणाला. दोघं बाजूबाजूने पावलं सरकवत गाडीच्या उघड्या दाराकडे निघाले.