बाळंतिणीचं पाणी

बाळंतपणाला मी मांजरसुंब्याजवळ माहेरी आले होते. पोरगी सुखरूप झाली, पण कळा देऊन देऊन मूळव्याधीचे मोड बाहेर आले. संडासला जायच्या नुसत्या विचारानंच अंगावर काटा यायचा.

नर्सबाईंनी आईच्या समोरच बजावलं होतं: भरपूर पाणी प्या, पालेभाजी खा, कोमट पाण्याच्या टबात बसत जा. घरी आल्याबरोबर आईनं पाण्याचा तांब्या माझ्या बाजेपासून लांब नेऊन ठेवला. "पाण्यानं पोट सुटतंय. बाळंतिणीनं घोट घोटच घ्यावं." वर बाजरीची भाकरी आणि डिंकाचे लाडू. टबाचं नाव काढलं तर म्हणाली, "ओल्या अंगाला वारं लागतंय." दुखण्याच्या भीतीनं मी जेवणच टाळायला लागले. मग दूध कमी पडलं, की पुन्हा लाडू. भांडायचं तरी कुणाशी? सगळं माझ्या भल्यासाठीच तर चाललं होतं!

एका सकाळी रक्त बघून मी संडासातच रडत बसले. आई दाराबाहेर उभी होती. मी बाहेर आल्यावर तिनं आजूबाजूला पाहिलं आणि हळूच म्हणाली, "मला बी हाय. तू झालीस तवापासून."

इतकी वर्षं एका घरात राहून मला कधी कळलं नव्हतं. वाटलं, आता तरी ही तांब्या भरून देईल.

"होतंय सवयीचं," ती म्हणाली, आणि माझ्या हातात लाडू ठेवला.