संत्र्याच्या बागेतली शिडाची नाव

आमची नाव मी पहिल्यांदा पाहिली तेव्हा दोन बैल तिच्यात तोंड घालून पाणी पीत होते.

माझ्या सासऱ्यांच्या चुलतभावाची सावनेरजवळ संत्र्याची बाग आहे. हिवाळ्यात हुरडा खायला आम्ही तिकडे जातो. त्या वर्षी हुरडा भाजला जाईपर्यंत मी सहज विहिरीकडे गेले, तर तिथे एक लांबट, शेवाळलेलं, एका टोकाला निमुळतं होत गेलेलं टाकं ठेवलेलं. त्याच्या मधोमध एक अरुंद फट होती आणि ती सिमेंटने बुजवलेली होती. मागच्या अंगाला दोन गंजक्या कड्या. शाळेत असताना मी नागपूरच्या अंबाझरी तलावावर शिडाची नाव चालवायला शिकले होते. पुढे दातांच्या डॉक्टरकीचा अभ्यास, लग्न, महाल भागातला दवाखाना, यात ते सगळं मागे पडलं. पण ती फट मी लगेच ओळखली. त्या फटीतून एक फळी खाली पाण्यात सोडतात, म्हणजे वारा बाजूने आला तरी नाव आडवी सरकत नाही. मागच्या कड्या सुकाणूच्या होत्या.

चुलतसासऱ्यांना विचारलं तर ते म्हणाले, शहरातला कुठलासा बोटक्लब बंद पडला, तेव्हा भंगारात उचललं. सिमेंटच्या टाक्यापेक्षा हलकं आणि फुटत नाही. सोबत एक लांब अल्युमिनियमची काठीही आली होती. ती त्यांनी शेतातल्या घराच्या गच्चीवर टीव्हीच्या छत्रीसाठी उभी केली होती. तीच डोलकाठी.

एवढ्यात माझे सासरे मागून आले. त्यांना मी बाबाच म्हणते. पाटबंधारे खात्यात ओव्हरसियर होते. उभी नोकरी कालव्यांवर आणि धरणांवर काढलेली. त्यांनी वाकून बोटाने नावेच्या अंगावर टिचक्या मारल्या, कान लावून ऐकलं आणि म्हणाले, "बेटा, हे दुरुस्त होऊन जाते."

दुरुस्तीचं मी काही बोललेच नव्हते. पण आठवडाभरात इतवारीतून एक नवीकोरी प्लास्टिकची टाकी बागेत पोचली आणि बदल्यात नाव आणि गच्चीवरची काठी टेम्पोत चढली. बैलांना नवी टाकी आवडली नाही, असं नंतर कळलं.

मानेवाड्याच्या बाजूला एका लेआउटमध्ये आमचं घर आहे. पोर्चमध्ये एक चारचाकी मावते, दुसरं काही नाही. टेम्पो आला तेव्हा माझ्या सासूबाई फाटकाशी उभ्या होत्या. त्या मुलींच्या शाळेच्या मुख्याध्यापिका होत्या. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली तरी आमच्या गल्लीतली माणसं त्यांच्याशी अजून उभ्यानेच बोलतात. शाळेत त्या अगदी पुस्तकी मराठी बोलायच्या, घरात मात्र पक्क्या नागपुरी. नाव उतरताना त्यांनी शांतपणे पाहिली आणि म्हणाल्या, "गाडी रस्त्यावर अन् बैलाचं टाकं घरात. चांगलं आहे."

माझ्या नवऱ्याने गाडी बाहेर काढली. या सगळ्या उद्योगात त्याचं योगदान तेवढंच, पण ते नसतं तर काहीच झालं नसतं, असं तो अजून सांगतो.

रात्री जेवताना सासूबाईंनी विषय काढला. भाजी वाढता वाढता बाबांना विचारलं, "इतकी वर्षं धरणांवर काढली. पोहता येते का तुम्हाले?"

बाबांनी भात कालवायला घेतला. ते फार वेळ कालवत राहिले. मग मला कळलं की घरात हे माझ्याशिवाय सगळ्यांना माहीत होतं.

"मग ऐकून घ्या," सासूबाई म्हणाल्या. "तुम्ही पोहून दाखवल्याशिवाय हे फाटकाबाहेर जाणार नाही."

अशी आमची दुरुस्ती सुरू झाली, नावेची आणि बाबांचीही. सकाळी ते जलतरण तलावावर नवशिक्यांच्या तुकडीत जायचे. संध्याकाळी मी दवाखान्यातून आले की आम्ही दोघं पोर्चमध्ये. पोहण्याबद्दल ते फारसं सांगत नसत. एकदा एवढंच म्हणाले की पाणी वरून पाहणं वेगळं आणि नाकात जाणं वेगळं.

पहिलं काम घासण्याचं. शेवाळ निघालं, त्याखाली चिखल निघाला, त्याखाली मूळचा फिकट निळा रंग. मग बाबांनी छिन्नी-हातोडी घेऊन फटीतलं सिमेंट फोडायला घेतलं. ते इतकं घट्ट बसलं होतं की त्यांना आपल्या भावाचा अभिमान वाटू लागला. मी वरच्या भागावर दाबून पाहत गेले तर तीन-चार ठिकाणी बोट आत जायचं. वरून फायबर चांगलं दिसत होतं, आत लाकूड कुजलेलं.

इथे आमचं पहिलं भांडण झालं. बाबांचं म्हणणं, वरून एक जाड थर देऊन टाकू. मी म्हटलं, कुजलेलं सगळं काढल्याशिवाय भरायचं नाही, हे माझं रोजचंच काम आहे. त्यावर त्यांनी तोंड उघडून उजवी दाढ दाखवली. ती मी दोनदा भरली होती. कुजलेलं लाकूड मात्र मी काढलंच. दुसऱ्या दिवशी ते स्वतःच खरवडायला बसले.

तोवर उन्हाळा चढला. फायबरची चटई रेझिनने भिजवून बसवायची, आणि रेझिन घट्ट व्हावं म्हणून त्यात थोडं हार्डनर मिसळायचं, अशी पद्धत. डब्यावर जे प्रमाण लिहिलं होतं ते कुठल्या तरी थंड गावासाठी असावं. नागपूरच्या मे महिन्यात आम्ही ते तंतोतंत पाळलं आणि मी ब्रश उचलेपर्यंत मगातून धूर यायला लागला. मग दगडासारखा तो घट्ट गोळा मगासकट फेकून द्यावा लागला. बाबांनी तोडगा काढला. दिवाणखान्याच्या खिडकीतला कूलर त्यांनी उचलून पोर्चमध्ये आणला आणि नावेकडे तोंड करून लावला. गार वाऱ्यात काम अगदी छान झालं. पण कूलरचा वारा ओला. दुसऱ्या दिवशी बघतो तर सगळा थर चिकट, हात लावला की बोटं अडकायची. तो पुन्हा खरवडला. तेवढे दिवस सासूबाई दिवाणखान्यात हातपंख्याने वारा घेत बसल्या होत्या आणि आम्हाला ऐकू जाईल अशा बेताने उसासे टाकत होत्या. शेवटी आम्ही पहाटे उठून, हार्डनर निम्म्याहून कमी करून, थोडं थोडं काम करायला लागलो. तेव्हा कुठे ते बसलं. मग खाचखळगे बुजवायला लांबी भरली, पॉलिश पेपरने घासली, पुन्हा भरली, पुन्हा घासली. गल्लीतली माणसं सकाळी फिरायला जाताना थांबून विचारायची, काय करून राहिले? बाबा सांगायचे, पाणी यायच्या आत तयारी करून राहिलो. लोक हसायचे आणि आभाळाकडे बघून पुढे जायचे.

मधली फळी मिळेना. बाबांनी जुन्या दिवाणाची सागवानी फळी काढून रंध्याने घासून बसवली. सुकाणू त्यांनीच केलं. शीड मी केलं. रेनकोटसारखं पक्कं कापड आणलं, अंगणात पसरलं, त्रिकोणात कापलं आणि सासूबाईंच्या मशीनवर शिवलं. मशीन वापरू देताना त्यांनी फक्त सुई बदलून घे म्हणून सांगितलं.

पाऊस ओसरत आला तेव्हा एका सकाळी बाबांनी जाहीर केलं की आता पोहता येतं. सासूबाईंनी चहाचा कप खाली ठेवला, पायांत चपला घातल्या आणि म्हणाल्या, चला. मी गाडी काढली. तलावाच्या काठावरच्या बाकावर त्या पर्स मांडीवर घेऊन बसल्या. शाळेत तपासणीला येणारे साहेब बसत असतील तशा. बाबा पाण्यात उतरले. मान वर ठेवून, गाल फुगवून, अतिशय हळू ते निघाले. मध्यावर त्यांचा हात बाजूच्या दोराकडे गेला आणि त्यांनी तो मागे घेतला. ते मी पाहिलं आणि सासूबाईंनीही पाहिलं. पलीकडच्या भिंतीला हात लागला तेव्हा त्या उठल्या. परतताना वाटेत गाडी थांबवून त्यांनी कोथिंबिरीच्या गरम सांबारवड्या बांधून घेतल्या. बाबांना त्या फार आवडतात.

रामटेकच्या बाजूला खिंडसीचा तलाव आहे. तिथे पर्यटकांसाठी बोटी चालतात. त्या बोटींची व्यवस्था बघणाऱ्या माणसाने आम्हाला काठावरून नाव सोडायची परवानगी दिली आणि नाव पाहून जाकिटंही स्वतःहून आणून दिली. सासूबाई सतरंजी टाकून काठावर बसल्या. आम्ही दोघं निघालो. पहिली काही मिनिटं मला शाळेतल्यासारखं वाटलं. शीड फडफडून भरलं, नाव हलली, पाण्याचा आवाज यायला लागला. बाबांनी दोन्ही हातांनी कड धरली होती आणि ते धरण बांधणाऱ्यासारखे नाही, पहिल्यांदा तलाव पाहणाऱ्या माणसासारखे बघत होते.

मग माझे पाय ओले झाले. मधल्या फटीच्या एका कोपऱ्यातून पाणी येत होतं. बाबांनी जराही न दचकता नावेतला मग उचलून पाणी उपसायला सुरुवात केली. त्यावरून मी ओळखलं की त्या कोपऱ्यातलं सिमेंट त्यांनी काढलंच नव्हतं, भावाचं काम मजबूत आहे म्हणून तसंच ठेवून वरून थर दिला होता. त्यांनी ते कबूलही केलं. परत फिरावं म्हटलं तर नाव वाऱ्याकडे तोंड करायला तयार नाही. वारा पाठीवर असला की पळायची, बाजूला वळवली की उभीच्या उभी. आम्ही काठापासून लांब लांब जात राहिलो. शेवटी हंसाच्या आकाराच्या पायडल बोटीतून फिरणाऱ्या एका नवीन जोडप्याने आमची दोरी धरून आम्हाला ओढत आणलं. नवरी मुलगी पायडल मारताना सारखी मागे वळून हसत होती.

काठावर आल्यावर सासूबाईंनी पहिल्यांदा शिडाला हात लावला. दोन्ही बाजूंनी ओढून पाहिलं. "हे तू सपाट काहून शिवलं वं? सपाट कापडाचा ब्लाउज कोणाले बसते? याले टक्स पाहिजे."

मला वाटलं, त्या टोमणा मारत आहेत. पण घरी येताच त्यांनी शीड उसवायला घेतलं. त्यांचं बरोबर होतं. कापड चिमटून टक्स घेतले की शिडाला पोट येतं, तरच वारा त्यात धरतो. मात्र त्यांनी पहिले टक्स घेतले ते खालच्या कडेला, आणि शीड दोरीवर टांगलं तर ते पोत्यासारखं लोंबू लागलं. मग डोलकाठीच्या बाजूने घेतले, तेही थोडे कमी-जास्त करत. नवीन खेळात त्या कधी शिरल्या ते त्यांचं त्यांनाही कळलं नसावं. जेवतानाही ब्लाउजचा विषय चालायचा आणि माझा नवरा आपलं ताट उचलून टीव्हीसमोर जाऊन बसायचा. इकडे बाबांनी तो कोपरा पुन्हा फोडला, उरलंसुरलं सिमेंट काढलं आणि मला बोलावून बोटाने तपासायला लावलं.

दिवाळीनंतर आम्ही पुन्हा खिंडसीला गेलो. नाव कोरडी राहिली. वाऱ्याकडे तिरकी चढली, वळली, परत आली. मला इतका आनंद झाला की मी जरा जास्तच दूर नेली. टेकडीच्या कडेने अचानक वाऱ्याचा एक झोत आला, नाव कलली, बाबा कललेल्या बाजूलाच सरकले आणि आम्ही दोघंही पाण्यात.

वर आले तेव्हा नाव आडवी पडलेली होती आणि मी तिला धरलं होतं. बाबा मात्र नावेजवळ नव्हते. मी हाका मारत होते की नाव धरा, नावेपाशी या. त्यांना जलतरण तलावात शिकवलं होतं ते एवढंच की समोरच्या भिंतीपर्यंत जायचं. ते काठाकडे निघाले होते. मान वर, गाल फुगवलेले, जाकिटामुळे जरा तिरपे. सासूबाई सतरंजीवरून उठून पाण्याच्या कडेपर्यंत आल्या होत्या. हातात टॉवेल घट्ट धरून त्या नुसत्या बघत राहिल्या. मदतीची बोट निघाली, बाबांजवळ पोचली, पण त्यांनी हात हलवून तिला माझ्याकडे पाठवलं.

ते काठाला लागले, गुडघ्यापर्यंतच्या पाण्यात उभे राहिले. सासूबाईंनी टॉवेल त्यांच्या खांद्यावर टाकला आणि डोकं जरा जोरातच पुसलं.

"पाय अजून वाकडेच मारता," त्या म्हणाल्या. मग म्हणाल्या, "पुढच्या वेळी मी येते. तुम्हा दोघांच्या भरवशावर हे होत नाही."

त्या खरंच आल्या. थंडीतली सकाळ होती, वारा बेताचा. पाठीला टेकायला काही नाही, अशी त्यांची पहिली तक्रार होती. बाबांनी ताबडतोब खिशातून टेप काढून मापं घेतली. तलावाच्या मध्यावर आल्यावर मी सुकाणूचा दांडा त्यांच्या हातात दिला आणि सांगितलं की रामटेकच्या गडावर नजर ठेवा, नाव आपोआप सरळ जाते. त्या ताठ बसल्या. बाबा शिडाच्या सावलीत पाय पसरून बसले होते. समोरच्या काठावरची झाडं वेगवेगळी दिसायला लागली.

"आता वळवू का?" सासूबाईंनी विचारलं.

आयुष्यात त्यांनी कुणाला असं विचारल्याचं मी ऐकलं नव्हतं. शीड डोक्यावरून फिरेल म्हणून बाबांनी डोकं खाली घेतलं, त्याची दोरी सैल सोडली आणि म्हणाले, "वळव."