काळुराम उठला का?

हातात बटाटेवड्यांची बशी, नजर पडद्यावर आणि पाय स्पीकरच्या वायरीत, अशा अवस्थेत मी आमच्या क्लबहाऊसमध्ये आडवा झालो. वडे वाचले. स्पीकर गेला.

"मुक्या सिनेमाचं म्युझिकपण घालवलंत!" सेक्रेटरी चित्राताई म्हणाल्या. सोसायटीच्या पुढच्या मीटिंगला विषय मिळाल्याचा आनंद त्यांना लपवता आला नाही.

सिनेमा अमेरिकेतला, शंभरेक वर्षांपूर्वीचा. हिरो क्लेम हार्कर. सुरुवातीला त्याची माहिती मीच सांगितली होती. गुरं राखता राखता गडी सिनेमात शिरला, घोड्याच्या पाठीवर उभं राहून टोपी काढायचा आणि बायका भोवळ येऊन पडायच्या. मग बोलपट आले आणि एवढ्या आडदांड माणसाचा आवाज शाळकरी मुलीसारखा निघाला. लोक हसले, काम संपलं. पुढे कुणाच्या तरी तबेल्यात घोडे सांभाळत म्हातारा झाला.

तेव्हा मागच्या रांगेतून पंढरीभाऊ म्हणाले होते, "हिकरं आला असता तं मी दिला असता आवाज."

आम्ही हसलो होतो. पण स्पीकर गेल्यावर त्याच रांगेतून खणखणीत आरोळी आली, "आयला रं आयला, काळुराम आयला!"

पंढरीभाऊ म्हणजे बाळकुमचे मूळचे. आमचं क्लबहाऊस आहे तिथे त्यांचं भाताचं शेत होतं, त्यामुळे ते इथे चपला न काढता येतात आणि कुणी बोलत नाही. वय पंच्याऐंशीच्या आसपास. शेजारी तुळसाकाकू. काकूंची नजर गेल्याला बरीच वर्षं झाली. तरी लिफ्टपाशी लावलेल्या पोस्टरवरचा काळा घोडा भाऊंनी ओळखला आणि त्यांना हाताला धरून घेऊन आले.

मध्यंतरात वडा खाता खाता भाऊंनी सगळं सांगितलं. त्यांच्या तरुणपणी धोंडीबा नावाचा तंबूवाला भंगारातली मुकी रिळं आणून गावोगाव दाखवायचा. पडद्यावरचं इंग्रजी कोण वाचणार? मग पंढरी तंबूत उभा राहून सगळ्यांचे आवाज काढायचा. याच सिनेमातल्या हिरोचं काळुराम असं बारसं त्यानेच केलं. वाळवंट झालं कोपरीचं मिठागर, दरोडेखोर झाला मुकादम आणि घोडा चक्क भाऊंसारखी, 'ड'चा 'र' करणारी आगरी बोलायचा.

"आणि शेवट?" मी विचारलं.

"शेवटाचं रीळ धोंडीबाकरं नव्हतंच. काळुराम गोली लागून खाली परतो, तिथंच खलास. पहिल्या रात्री मी बोललो, मेला. तं ही पुढं बसलेली, अशी ररली, अशी ररली! लगीन नव्हतं झालं आमचं. दुसऱ्या रात्री बोललो, मेला नाय, सोंग करतंय. मुकादम गेला का उठल."

"लग्नाला हो म्हणायच्या आधी मी एकच विचारलं याला," तुळसाकाकू म्हणाल्या. "तो खरंच उठला ना?"

"मग?"

"बोलला, उठला. म्हणून तं आली याच्या घरात."

मी वडा तोंडातच धरून बसलो. आमची कॉपी पूर्ण होती आणि शेवट मी घरी बघून आलो होतो.

पुन्हा अंधार झाला. भाऊंचा आवाज आता चांगलाच तापला होता. मुकादमाला शिव्या बसत होत्या, घोडा काळुरामला "दादा" म्हणत होता आणि ज्या मुलांनी मोबाइल काढले होते त्यांनी ते खिशात घातले. मग गोळी सुटली. काळुराम पडला. आणि भाऊंनी कधीच न पाहिलेलं रीळ सुरू झालं.

खड्डा. चार माणसं टोप्या काढून उभी. मातीचा ढिगारा, त्यावर लाकडी क्रूस. बाजूला मान खाली घातलेला घोडा.

भाऊ गप्प झाले.

"अवो," काकूंनी त्यांचा सदरा ओढला. "गप का झालाव? उठला का?"

भाऊंनी एकदा पडद्याकडे पाहिलं, एकदा काकूंकडे.

"उठला गो! कपरं झारलं. टोपी घातली. आता घोर्‍यावर बसला बग. घराकरं निंगाला!"

काकूंनी टाळी वाजवली. मग चित्राताईंनी वाजवली, आणि मग सगळ्या हॉलने.

दिवे लागले. काकू चित्राताईंचा हात धरून दाराकडे निघाल्या. मी भाऊंना गाठलं आणि हळूच म्हणालो, "पण भाऊ, तो तर मेला ना हो?"

भाऊंनी बशीतला शेवटचा वडा उचलला.

"मंग जा, तुमी सांगा तिला."